स्मरणचित्राचा पेपर

‘देखावा’ हा मराठीतला गमतीचा शब्द आहे. गणपतीच्या मांडवात असतो तो देखावा. सोयरिकीच्या वेळी श्रीमंतीचा करतात तोही देखावा. आणि चित्रकलेच्या तासाला सर ‘काढा काहीतरी’ म्हणून रजिस्टर भरायला बसले की पोरं जे काढतात, तोही देखावाच. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघून रुंद होत येणारी नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात टिकमार्कसारखे पक्षी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा, हेच चित्र मिळेल.

आमची शाळा मुळशी धरणाच्या पाण्यापासून चालत वीस मिनिटांवर होती. खिडकीतून सह्याद्री दिसायचा. त्याचे माथे कोयत्याने छाटल्यासारखे सपाट, आणि पावसाळ्यात अंगावरून पांढऱ्या रेघा उतरायच्या. नारळाचं झाड आमच्या वाडीत एकही नव्हतं. तरी आम्ही त्रिकोण काढायचो आणि नारळही काढायचो. खिडकीतलं कोणी काढलं नाही. धरण तर नाहीच नाही.

मग एलिमेंटरी-इंटरमिजिएट आल्या. ज्यांनी दहावीच्या वाढीव मार्कांसाठी का होईना या परीक्षा दिल्यात, त्यांना पेपर आठवत असतील: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. वस्तुचित्र सोपं, कारण समोर तांब्या ठेवलेला असतो. स्मरणचित्राला समोर काहीच नसतं. विषय देतात, बाजार म्हणा, पाणवठा म्हणा, आणि तुमच्या डोक्यात जे असेल ते कागदावर उतरवायचं. मला हा पेपर कायम अन्यायाचा वाटायचा. समोर नसलेल्या गोष्टीला मार्क देणार तरी कसे? ती बरोबर आली की चुकली, हे कोण ठरवणार?

सय्यद हैदर रझा या चित्रकाराचा मी जितका विचार करते, तितकं मला वाटतं की त्यांनी जवळजवळ सत्तर वर्षं याच पेपरवर घालवली.

रझा मला भेटले ते पैशांच्या बातमीतून. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात त्यांचं ‘जेस्टेशन’ हे चित्र ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. मी पुण्यात एका जाहिरात कंपनीत काम करते. ऑफिसच्या ग्रुपवर ती बातमी पडली, तिच्याखाली ‘गोल तर मीपण काढतो’ छापाचे मेसेज पडले, आणि तासाभरात विषय संपला. मी मात्र घरी येताना बसमध्ये फोनवर त्यांची जुनी चित्रं शोधत बसले. चांदणी चौक ते पौड, ट्रॅफिक असेल तर वेळच वेळ. शोधता शोधता लक्षात आलं की या माणसाने गोल काढायला लागायच्या आधी तीस-पस्तीस वर्षं निसर्गचित्रंच काढलेली आहेत. त्यातली निम्मी फ्रान्सची. कला-इतिहासवाले त्यांना भारतीय आधुनिक चित्रकार म्हणतात, ते बरोबरच आहे. पण १९५० ते २०१० ही साठ वर्षं ते फ्रान्समध्ये राहिले, आणि तिथल्या खेड्यांची, चर्चची, टेकड्यांची चित्रं काढूनच त्यांचं नाव झालं. एका अर्थी ते फ्रेंच लँडस्केप पेंटरच होते. फक्त त्यांचा लँडस्केप मंडल्याचा होता.

मंडला म्हणजे मध्य प्रदेशातलं, नर्मदेच्या काठचं. रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावातला. वडील वनखात्यात रेंजर. घर जंगलाला लागून, म्हणजे रात्र झाली की बाहेर फक्त काळोख आणि आवाज. ही भीती पुढे त्यांनी अनेकदा सांगितली आहे. दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली: शाळेत मन लागत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि ‘याच्याकडे बघत बस’ म्हणून सांगितलं. तो ठिपका म्हणजे पुढचा ‘बिंदू’. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचं आता कॅलेंडर झालंय. मला जास्त महत्त्वाचा तो काळोख वाटतो.

१९३९ मध्ये ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. म्हणजे चित्रकलेची बाराखडी ते महाराष्ट्रात शिकले. तिथून १९४३ मध्ये मुंबई, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. पोटासाठी छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी आणि उरलेल्या वेळात मुंबईचे जलरंग. पावसातले रस्ते, ओली छपरं, घाईतली गर्दी. ही चित्रं बघितली की कळतं, हात किती सराईत होता. ब्रशचा एक फटकारा की माणूस, दोन की व्हिक्टोरिया. जर्मनी-ऑस्ट्रियातून नाझींच्या धाकाने मुंबईत आलेले काही लोक तेव्हा इथल्या तरुण चित्रकारांना हाताशी धरत होते. टाइम्स ऑफ इंडियाचे कलादिग्दर्शक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन, संग्राहक श्लेसिंगर. त्यांनी रझांनाही धरलं. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे आणि रझा या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. यातले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, आणि तेही निसर्गचित्रकार. रझांइतकं नाव त्यांच्या वाट्याला आलं नाही. मराठीत त्यांच्यावर कोणीतरी जीव लावून लिहायला हवं.

इथे थोडं विषयांतर करते. रझांच्या त्या चाळीसच्या दशकातल्या मुंबईत जी वीज खेळत होती, गिरण्यांत आणि रस्त्यांवर, तिच्यातली काही आमच्याकडून जात होती. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडतात, तिथे वीज होते आणि मुंबईला जाते, हे १९२७ पासून चालू आहे. एखाद्या रात्रीच्या चित्रात रस्त्यावरचा पिवळा दिवा दिसला की मला उगाच वाटतं, यात आमचं खाचर जळतंय.

रझांकडे परत. १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील. मधे फाळणी. भाऊ-बहीण पाकिस्तानात गेले, पहिली पत्नीही गेली. रझा इथेच राहिले. एका वर्षात माणसाचं घर म्हणावं असं सगळं विस्कटलं, आणि अशा वेळी ते काश्मीरला जाऊन चित्रं काढत बसले. १९४८ मध्ये तिथेच त्यांची गाठ आन्री कार्तिए-ब्रेसाँशी पडली. तेव्हाचा जगातला बहुधा सगळ्यात मोठा फोटोग्राफर. त्याने चित्रं पाहिली आणि जे सांगितलं त्याचा आशय असा: हात छान आहे, पण चित्राला बांधणी नाही. घराला पाया, भिंती, तुळया लागतात, तसं चित्रालाही लागतं. सेझान बघ.

आता विचार करा, सव्वीस वर्षांच्या, नुकतीच वाहवा मिळायला लागलेल्या पोराला हे ऐकवलं तर तो काय करेल? रझांनी मुंबईला येऊन फ्रेंच शिकायला सुरुवात केली. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये बोटीने फ्रान्स गाठलं.

या सेझानपाशी थांबायलाच हवं, आणि माझं कारण जरा खासगी आहे.

पॉल सेझान, जन्म १८३९, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावचा. गावाबाहेर सेंत-व्हिक्तवार नावाचा डोंगर, उंची १०११ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही. पण या माणसाने तो एकच डोंगर तेलरंगात तीसहून जास्त वेळा काढला, जलरंगातला हिशेब वेगळा. शेवटपर्यंत काढत होता. ऑक्टोबर १९०६ मध्ये बाहेर चित्र काढताना वादळी पावसात सापडला आणि त्यानंतर आठवडाभरात गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. डोंगर ‘दिसतो’ तसा काढून भागत नाही, तो ‘उभा कसा आहे’ ते कळायला हवं. म्हणून त्याचा डोंगर रंगांच्या छोट्या छोट्या तुकड्यांनी रचत नेलेला असतो, ताल घातल्यासारखा, दगडावर दगड.

आणि आता माझं कारण. त्याच डोंगराच्या परिसरात एक धरण आहे. एक्स शहराला पाणी मिळावं म्हणून फ्रांस्वा झोला नावाच्या इंजिनिअरने ते योजलं, आणि १८५४ मध्ये ते पुरं झालं, तेव्हा तो हयात नव्हता. त्याचा मुलगा एमिल झोला, पुढे मोठा कादंबरीकार झालेला, हा सेझानचा शाळेपासूनचा जिगरी दोस्त. सेझानचं एक चित्र आज वेल्समधल्या कार्डिफच्या संग्रहालयात आहे, आणि त्याचं प्रचलित नावच ‘फ्रांस्वा झोला धरण’. मी ते फोनवर मोठं करकरून पाहिलं. डोंगर आहेत, उतार आहेत, झाडं आहेत, मधे पाण्याचा निळा तुकडा आहे. धरण म्हणून काही कळत नाही. म्हणजे आधुनिक निसर्गचित्रकलेचा हा जो आजोबा, त्याच्या खिडकीतही धरण होतं, आणि त्याने ते डोंगरात मुरवून टाकलं.

मुळशीचं धरण मात्र इतकं सहज मुरलं नाही. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी कामावर जाऊन बैठक मारली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. बावन्न गावांचा प्रश्न होता. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यातले बरेच पुण्याचे सावकार, त्यांना नुकसानभरपाई चालणार होती. कसणाऱ्यांना पैसे नको होते. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यात मिळाली. हे बापट तरुणपणी पॅरिसमध्ये राहून बॉम्बची विद्या शिकून आलेले. (पॅरिसला जाऊन कोण काय शिकून येईल, सांगता येत नाही.) १९२४ पर्यंत लढा संपला होता. पाणी भरलं. राजेंद्र व्होरांनी यावर पुस्तक लिहिलंय, आणि इंग्रजी आवृत्तीच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. ते आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. आम्ही नारळ काढत होतो.

रझा फ्रान्सला पोचल्यावर जे झालं ते बघण्यासारखं आहे. मुंबईचा तो ओला, वाहता, लाडका हात त्यांनी बाजूला ठेवला. १९५१ चं ‘ओ-द-कान्य’ बघा, शोधलं की लगेच मिळेल. टेकडीवरचं गाव, घरं ठोकळ्यांसारखी एकावर एक रचलेली, रेषा करकरीत. एकही माणूस नाही. त्या काळातल्या काही चित्रांत वर चक्क काळा सूर्य आहे. शाळेतल्या देखाव्यात दोन डोंगरांमधून उगवणाऱ्या त्या पिवळ्या, किरणवाल्या सूर्याचं हे काय झालं, असं मला पहिल्यांदा वाटलं. आई-बाप गेलेत, भावंडं सरहद्दीपलीकडे आहेत, आणि आपण परक्या देशात एका रिकाम्या गावाचं चित्र रेघारेघाने बांधतोय. तिथे सूर्य काळा असणं मला मुळीच विचित्र वाटत नाही.

१९५६ मध्ये त्यांना ‘प्री द ला क्रितीक’ हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता. १९५९ मध्ये झानीन माँजिला या चित्रकर्तीशी लग्न. पुढे दोघांनी दक्षिणेत, इटलीच्या हद्दीजवळ, गोर्बिओ नावाच्या डोंगरातल्या खेड्यात घर केलं. उन्हाळे तिथे, एरवी पॅरिस. तेलरंग जाड होत गेले. घरं हळूहळू विरघळली, चर्चचे मनोरे रंगाच्या थरात बुडाले. १९६२ मध्ये ते शिकवायला अमेरिकेत बर्कलीला गेले, रॉथकोची चित्रं पाहिली, आणि परत आल्यावर चित्रातला उरलासुरला आकारही सुटला. तेलरंगाच्या जागी ॲक्रिलिक आलं. आता गाव ओळखू येत नव्हतं, पण ऊन, माती, रात्र ओळखू येत होती.

साठच्या दशकाच्या शेवटापासून ऐंशीच्या सुरुवातीपर्यंतचे रझा मला सगळ्यात जास्त आवडतात. ‘ला तेर’ म्हणजे जमीन, माती, या नावाने त्यांनी काही चित्रं केली. ‘राजस्थान’ आहे, ‘सौराष्ट्र’ (१९८३) आहे. ही चित्रं फोनवर बघून कळत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. आपल्या फोनच्या स्क्रीनवर काळा म्हणजे विझलेला भाग. तिथे काहीच नसतं. रझांचा काळा म्हणजे खूप काही आत असल्याचा काळा, ज्याच्या खालून लाल, पिवळं धुगधुगत असतं. मुंबईत लिलावाच्या आधी चित्रं लोकांना बघायला ठेवतात, आणि तिथे तिकीट नसतं. कोणी ‘तुम्ही घेणार का’ विचारत नाही. मी घाबरत गेले होते, तुम्ही घाबरू नका. समोर उभी राहिले तेव्हा पहिली आठवण झाली ती पावसाळ्यात लाइट गेल्यावर आमच्या परसातून दिसणाऱ्या धरणाची. पाणी दिसत नाही. पाणी आहे एवढं कळतं.

रझा ही माती बघून काढत नव्हते. ते पॅरिसच्या एका स्टुडिओत बसून काढत होते. सत्तरच्या दशकात ते पुन्हा पुन्हा भारतात आले, मंडल्याला गेले, पण चित्रं तिकडे परत गेल्यावर. समोर ठेवलेला तांब्या नाही. समोर काहीच नाही. सेझानकडून त्यांनी बांधणी घेतली, पण सेझान रोज डोंगरासमोर जाऊन बसायचा. रझांनी डोंगरासमोरून उठून जाऊन, समुद्र ओलांडून, मग तो काढला.

हे मला आजीमुळे समजलं असं म्हटलं तर ते जरा सजवल्यासारखं वाटेल, पण तसं आहे खरं.

आमची आजी सून म्हणून या घरात आली तेव्हा धरणाला पस्तीस-एक वर्षं झाली होती. म्हणजे जुनं गाव तिने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पाहिलं होतं तिच्या सासूने, माझ्या पणजीने, आणि तेही लहान पोर असताना. पणजी परसात भांडी घासता घासता पाण्याकडे हात करून सांगायची, आणि आजीने ते सगळं पाठ केलं. आजही आजी पाण्याकडे बोट दाखवून सांगते, “त्यो दगड दिसतोय न्हवं, त्याच्या अंगाला जांभळीचं खाचर. त्याच्या खाली देवाचं. मग लांबोळं, त्याला पानी लई लागायचं.” कुठल्या खाचरात आंबेमोहोर जास्त वासाचा व्हायचा, हेही तिला माहीत आहे. न पाहिलेल्या शेतातल्या, न खाल्लेल्या भाताचा वास. मे महिन्यात पाणी उतरलं की काठाला जुन्या बांधांच्या रेघा उघड्या पडतात. तेव्हा मी एकदा तिला म्हटलं, चल, जाऊन बघू, तुझं जांभळीचं खाचर बरोबर जागेवर आहे का. ती म्हणाली, “कशापायी? मला ठावं हाय की.”

मंडल्याला वर्षातून दोनदा जाऊ शकणारा माणूस साठ वर्षं पॅरिसमध्ये का बसला, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही.

आता माझ्या कामाबद्दल. मी जाहिराती लिहिते, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या ऑफिसात येणारं बरंचसं काम ‘सेकंड होम’चं असतं. ताम्हिणी रस्ता, पौड, मुळशी, पवना, लवासाच्या आजूबाजूचं सगळं. ‘लेक व्ह्यू’ हे शब्द मी इतक्या वेळा टाइप केलेत की फोनचा कीबोर्ड ‘ले’ दाबलं की स्वतःच पुढचं सुचवतो. या धंद्याचं एक साधं गणित आहे. एकाच डोंगराच्या एका अंगाला पाणी दिसतं, दुसऱ्या अंगाला दिसत नाही. माती तीच, पाऊस तोच, रस्ता तोच. पण गुंठ्याच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे विकली जाते ती नजर. ज्या पाण्याने खाचरं खाल्ली, ते पाणी दिसतं म्हणून उरलेल्या वरकस जमिनीला भाव. माझे एक काका म्हणतात, धरणाने शंभर वर्षांनी का होईना पैसे परत केले. ते चेष्टेने म्हणतात, पण पूर्ण चेष्टेने नाही.

आमचीही जमीन आहे, एक एकराला थोडी जास्त, उताराची. नाचणी, वरई व्हायची, आता पडीकच. समोर अडथळा नसलेलं पाणी. काकांना विकायची आहे. त्यांच्या मुलाचं शिक्षण आहे, आणि ते गैर नाही. बाबा काहीच बोलत नाहीत. बघायला येणारी माणसं गाडीतून उतरतात, जमिनीकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करतात, आणि फोन वर धरतात. जमीन बघायला आलेल्या एकानेही अजून खाली वाकून माती हातात घेतलेली मी पाहिली नाही. मला त्यांचा राग येत नाही. त्यांना बोलावणारी वाक्यं माझ्यासारख्यांनीच लिहिलेली आहेत, आणि ते पाणी खरोखर सुंदर आहे. श्रावणात ढग खाली उतरून पाण्याला टेकतात तेव्हा मीसुद्धा स्टेटसला टाकते.

तर मग रझांनी काय विकलं? ‘सौराष्ट्र’ २०१० मध्ये लंडनच्या लिलावात १६ कोटींच्या वर गेलं. लिलावातले पैसे चित्रकाराला मिळत नाहीत, आधी घेऊन ठेवलेल्याला मिळतात, हे सोडा. पण घेणाराही शेवटी एक नजर विकत घेतो, नाही का? आणि रझांच्या बाबतीत एक गोष्ट मला टोचते, ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नर्मदेवर जबलपूरजवळ बर्गी धरण आहे. १९९० च्या सुमारास ते भरलं. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतली शेकडाभर गावं त्याने बाधित केली. मंडला म्हणजे रझांचा जिल्हा. नर्मदा म्हणजे त्यांची नदी, जिच्याबद्दल ते शेवटपर्यंत भक्तीने बोलत. याच वर्षांत त्यांची चित्रं अधिकाधिक शांत, नेमकी, सममित होत गेली. बिंदू, त्रिकोण, पंचतत्त्व, बीज, प्रकृती-पुरुष, कधी चित्रातच देवनागरीत लिहिलेली ओळ. (आमच्या परीक्षेच्या भाषेत, शेवटचा पेपर: भूमिती आणि अक्षरलेखन.) या चित्रांमध्ये मला बर्गी कुठे सापडलं नाही. नर्मदा आहे, पण अडवलेली नर्मदा नाही. आठवणीतली नदी आठवणीतच वाहत राहिली, आणि खालची खरी नदी तलाव झाली.

याला काय म्हणायचं, यावर मी बरेच दिवस घोळले. रझांच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांतली बरीच चित्रं मला एकसारखी वाटतात. ओळखीचा बिंदू हवा असणाऱ्यांसाठी काढलेली. शाळेतल्या दोन डोंगरांसारखाच तोही एक ठरलेला देखावा होऊन बसला. हे मोठ्या चित्रकाराबद्दल बोलू नये असं काही नाही. पण म्हणून ‘ला तेर’ खोटं ठरत नाही. तिथे काळोख अजून घाबरवणारा आहे, माती अजून ओली आहे, आणि आपण काय गमावलंय हे काढणाऱ्याला नेमकं माहीत नाही, असं त्या रंगांवरून वाटतं. बिंदूत सगळं माहीत झालेलं आहे. आठवण फार वेळा सांगितली की गुळगुळीत होते. आजीचंही होतं तसं कधीकधी. काही दिवस ती फक्त ‘आंबेमोहोर, आंबेमोहोर’ करते, आणि त्याच खाचरात कंबरभर चिखलात पणजीच्या आईने काय काढलं असेल, खंड कोणाला जायचा, ते गाळते. मग मी विचारते, सावकाराला किती जायचं? ती जरा थांबते, आणि मग दुसरीच आजी बोलायला लागते.

झानीन २००२ मध्ये गेली. २०१० संपता संपता, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रझा सगळं आवरून दिल्लीला आले आणि रोज चित्र काढत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचं निधन झालं. दिल्लीत नाही, पॅरिसमध्ये झानीनशेजारी नाही, तर इच्छेप्रमाणे मंडल्याला, वडिलांच्या कबरीजवळ त्यांना पुरलं. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिथले लोक त्यांची फ्रेंच खेडी बघत मंडल्यापर्यंत येत असतील. मी त्याचे व्हिडिओ उलट्या क्रमाने बघितले, बिंदूपासून मागे मागे, मुंबईच्या पावसापर्यंत.

गेल्या महिन्यात काकांनी वकिलाकडून खरेदीखताचा मसुदा करून आणला. विकायचं पक्कं झालेलं नाही, नुसता कागद तयार असावा म्हणून. खरेदीखतात चतुःसीमा लिहाव्या लागतात, तुमच्या जमिनीच्या चार बाजूंना कोण काय आहे ते. काका ओट्यावर बसून मोठ्याने वाचत होते. उत्तरेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट.

“पूर्वेस धरणाची हद्द,” काका म्हणाले.

आजी आत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, “जांभळीचं खाचर.”

काका म्हणाले, “आये, तिथं पाणी हाय.”

“पानी वर हाय,” आजी म्हणाली. “उगवतीला जांभळीचं खाचर. लिव.”

बाबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी काकांच्या खिशातलं पेन घेतलं, मसुदा मांडीवर ओढला, आणि ‘धरणाची हद्द’च्या पुढे, समासात, बारीक अक्षरात ते लिहिलं. वकील ते काढून टाकेल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.